टंचाई शाखेचं विमान

सदर इसम उत्तम सोनकांबळे, राहणार भोकर, टंचाई शाखेत लिपिक. टँकरच्या खेपा ठरवणे हे काम. वर्तणूक चांगली. व्यसन नाही.

विमानाची नोंद सेवापुस्तकात नव्हती. शेगडीची तार तापवून त्यांनी थर्माकोलचे पंख कापले होते आणि वर खाकी चिकटपट्टी गुंडाळली होती. इंजिन नव्हतंच. टेकडीच्या कडेवरून सोडलं की उतारावरून वर चढणारा वारा ते उचलून धरी. रिमोटने फक्त वळवायचं.

त्या दुष्काळात सरकार विमानातून पाऊस पाडणार, ही बातमी वाड्यावस्त्यांवर पोचली होती. रविवारी पायथ्याच्या वस्तीतली गुणाबाई धापा टाकत टेकडीवर आली. टँकरचे साहेब तिच्या ओळखीचे होते.

"सायेब, पावसाचं इमान ह्येच न्हवं?"

विमान नेमकं वळणावर होतं. मान वळवली असती तर पडलं असतं.

"हाव," सोनकांबळे म्हणाले.

विमान उतरवून ते वस्तीत आले, तेव्हा गुणाबाईचे दोन्ही हंडे अंगणात उघडे मांडलेले होते. लिंबाच्या बुडाची माती ओली होती.

"शिळं पानी झाडाला वतलं. ताज्याला जागा नको व्हय?"

सोनकांबळ्यांनी विमान तिच्यापुढे धरलं. "मावशी, ते नुसतं खेळणं हाय. माझं."

"गरिबाची चेष्टा करून राहिले का? सरकारी माणूस अन् खेळतंय!" ती खळखळून हसली.

त्यांनी आपली बाटली हंड्यात रिकामी केली. तळही नीट झाकला नाही.

"ऱ्हाऊ द्या की, सायेब. आता पडंलच."

पुढचा टँकर गुरुवारी होता.