कापसात पुरलेली बाटली

“फ्रीज चांगला हाय, मिस्त्री. फ्रीजले हात लावू नका. तुम्ही हे बाटली पाहा.”

दादाराव काकांनी मला फुलसावंगीला तातडीने बोलावलं होतं. फोनवरचा आवाज ऐकून मला वाटलं, कॉम्प्रेसर जळाला. भर मार्चच्या उन्हात, मोटरसायकलला फ्रीजमध्ये भरायच्या गॅसचा सिलिंडर बांधून पुसदहून धावत आलो. आणि इथे फ्रीज मजेत घरघरत होता. काकांच्या हातात मात्र एक काळपट हिरवी बाटली होती, दोन्ही हातांनी धरलेली.

मी म्हणालो, “काका, मी फ्रीजचा डॉक्टर आहे. दारूचा नाही.”

“दारू नोहे बाप्पा, वाइन हाय थे. फ्रान्सची. आन् दुसऱ्याची ठेव हाय.”

माझा धंदा गारव्याचा. घरचे फ्रीज, कूलर, आइस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीझर, डेअरीच्या दुधाच्या टाक्या. पण वाइन नावाची वस्तू मी तोवर फक्त सिनेमात पाहिली होती. म्हणून आधी चहा घेतला आणि सगळी हकिकत ऐकली.

पास्कल नावाचा एक फ्रेंच माणूस हिवाळ्यात गावात आला होता. फवारणी न करता पिकवलेला कापूस पाहायला. आला आणि टायफॉइडने आडवा झाला. काकांनी त्याला लॉजवरून उचलून घरी आणलं. शांताकाकूंनी त्याला मुगाच्या वरणाच्या पाण्यावर आणि मऊ भातावर उभा केला. खाटेवर पडल्या पडल्या तो मोडकंतोडकं हिंदी शिकला आणि काकूंना ‘काकू’ म्हणायला लागला. निघताना त्याने बॅगेतून ही बाटली काढली.

त्याचे आजोबा एका फार जुन्या, नावाजलेल्या द्राक्षमळ्यावर तळघराचे मुख्य होते. नातू जन्मला त्या सालची एक बाटली त्यांनी बाजूला काढून ठेवली. चाळिसाव्या वाढदिवसाला फोड म्हणाले. चाळिसावा वाढदिवस येत्या दसऱ्याच्या सुमारास होता. तोवर भारतातच राहायचं ठरवून तो बाटली सोबत घेऊन आला होता, पण आजारपणामुळे आधीच परत निघावं लागलं. पास्कल म्हणाला होता, “काकू, मेरा दूसरा जनम इधर हुआ. बोतल इधर खुलेगा. माँ को लेके आऊँगा.” आजोबा आता राहिले नव्हते. त्यांच्या हातची ही एकच बाटली उरली होती.

“आन् जाता जाता हे सांगून गेला,” काका म्हणाले, “आडवी ठेवा, अंधारात ठेवा, हालवू नका, गरम होऊ देऊ नका. तेरा डिग्री. आता मले सांगा, एप्रिल-मेमंदी फुलसावंगीत तेरा डिग्री कुठून आणू?”

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीही चटका देतं. त्यात लोडशेडिंग, म्हणजे अर्धा दिवस वीज गायब. घरचा फ्रीज उपयोगाचा नव्हता. तो फार थंड, आतली हवा कोरडी, आणि दह्यासाठी, कोथिंबिरीसाठी दार सारखं उघडं. बाटलीचं बूच झाडाच्या सालीचं असतं. ते वाइनने ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवायची. बूच सुकलं की आक्रसतं, हवा आत शिरते आणि वाइनचा सिरका होतो.

“उद्या सांगतो,” म्हणून मी उठलो आणि पुढच्या खोलीत डोकावलो. खोली छतापर्यंत कापसाने भरली होती. त्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं. भाव येईल, भाव येईल म्हणत लोकांनी माल घरातच ठेवला होता. माणसं कापसाशेजारी झोपत होती आणि रात्रभर अंग खाजवत होती. गावोगाव हेच. त्या काळात लोकांच्या तोंडावर हसू पाहायला मिळणं अवघड झालं होतं.

पण त्या ढिगाकडे पाहून मला हसू आलं. “काका, सांगितलं समजा. तुमच्या घरात गारवा भरून पडला आहे.”

रजई ऊब देते असं आपण म्हणतो. रजई काही देत नाही. ती फक्त अडवते. बाहेर थंडी असेल तर आतली ऊब अडवते आणि बाहेर उन्हाळा असेल तर आतला गारवा.

ढाणकीच्या एका आइस्क्रीमवाल्याने बंद पडलेला डीप फ्रीझर माझ्याकडे टाकून दिला होता. तो मी दुरुस्त केला. त्याचा थर्मोस्टॅट बदलला. थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेलं तापमान आलं की कॉम्प्रेसरला ‘बस’ म्हणणारा तुकडा. आइस्क्रीमचा थर्मोस्टॅट बर्फाशिवाय थांबत नाही, म्हणून कोल्ड्रिंकच्या कूलरचा बसवला आणि त्याचा स्क्रू पिळत पिळत तेरावर आणला. आत पाण्याचे कॅन भरून ठेवले. पाणी एकदा गार झालं की वीज गेल्यावरही लवकर तापत नाही. कॅनच्या मधे कापसाची गादी, गादीवर बाटली. फ्रीझर खोलीच्या दारात असा बसवला की मोटारीची बाजू बाहेर ओसरीवर मोकळी राहिली आणि बाकी तिन्ही बाजू कापसात बुडाल्या.

“मोटारीवर बोंडभरही कापूस येऊ द्यायचा नाही,” मी बजावलं. “नाहीतर बाटली राहील बाजूला, घर पेटेल.”

काकांनी झाकणावरचा कापूस झटकला. मग म्हणाले, “औंदा या कापसाचा कोनाले तरी उपयोग झाला म्हना.” आणि स्वतःच खो खो हसले. काकू आतून धावत आल्या, काय झालं म्हणून. म्हणाल्या, “लय दिवसानं हसले हे.”

उन्हाळा असा पार पडला. मी येता-जाता डोकावत होतो. बाहेर अंडं उकडेल असं ऊन आणि आत काटा तेरा-चौदावर. मला इतका अभिमान वाटत होता की पुसदमध्ये चहाच्या टपरीवर मी बाटलीचं नाव काढलं की लोक विषय बदलायचे.

गडबड झाली ती भाद्रपदात. महालक्ष्म्यांच्या आधी.

महालक्ष्म्या बसायच्या म्हणजे आमच्याकडे घर छपरापासून उंबऱ्यापर्यंत धुऊन निघतं. पावसाळ्यात फ्रीझरमध्ये ओल धरली होती आणि बाटलीच्या लेबलावर काळी बुरशी चढली होती. काकूंनी ती पाहिली. काकूंच्या घरात मधाची असो, सॉसची असो, कुठलीही बाटली लेबलासकट फळीवर चढत नाही. आधी कोमट पाण्यात, मग राखेने घासून. इथे तर लेबलही दारूचं, आणि घरात देवी येणार!

काकांचा फोन आला तेव्हा आवाज मार्चपेक्षाही वाईट होता.

मी पोहोचलो तर बाटली लखलखत होती. लेबलाचा कपटाही नाही. घासताना हलली किती, कोमट पाण्यात राहिली किती, काही सांगता येत नव्हतं. काकू चुलीपाशी तोंड वळवून बसल्या होत्या.

काकांनी मला ओसरीवर नेलं. हळूच म्हणाले, “मिस्त्री, पुसदले लग्नपत्रिका छापनारा हाय ना तुमच्या वळखीचा? लेबल छापून देईल काय?”

“काका, लेबल कसं होतं ते आठवतं?”

“वाड्याचं चित्र होतं. आन् फ्रेंचमंदी कायतरी.”

“त्याच्या लेबलावर गणपती येईल आणि खाली आपले विनीत.”

आतून काकूंचा आवाज आला. “कायले खोटं करून राह्यले? म्या धुतलं, मीच सांगीन त्याले.”

दसऱ्यानंतर पास्कल आला, आईला घेऊन. मला मुद्दाम बोलावणं होतं. जीप थांबली. पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधीच काकू बोलल्या, “पास्कल, तुह्या आजाची चिठ्ठी मी धुऊन टाकली रे बाटलीवरची. घान झालती म्हून. माफ कर बाप्पा.” आणि त्या रडायलाच लागल्या.

पास्कलला अर्धंच समजलं. मी झाकण उघडून उघडीबोडकी बाटली त्याच्या हातात दिली, तेव्हा उरलेलं समजलं. त्याने काचेवरून अंगठा फिरवला. मग आईशी फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. म्हातारी बाई काठी टेकत पुढे आली. बाटली बोटांनी चाचपली आणि अशी हसली की ओसरीवरची चिमणी उडाली.

पास्कलने सांगितलं ते असं. आजोबांच्या तळघरात कुठल्याच बाटलीला लेबल नसायचं. लेबल फक्त विकायला जाणाऱ्या बाटलीला. हे लेबल तर विमानतळावर कोणी अडवू नये म्हणून त्याच्या मामाने निघताना चिकटवलं होतं. “माँ बोलती है, बेचने का बोतल को लेबल लगता है. घर का बोतल को क्यों?”

काकूंनी डोळे पुसले. पण माझा जीव अजून टांगणीला होता. लेबल गेलं तर गेलं, आतली वाइन जिवंत आहे की नाही? आजोबांच्या हातचा शेवटचा घोट माझ्या भरवशावर कापसात पडून होता.

पास्कलने बूच अगदी हळू, चिमटीसारख्या हत्याराने काढलं. बाहेर आलेल्या बुचावर मळ्याचं नाव आणि साल काळ्या अक्षरात उमटवलेलं होतं. तळाचा गाळ मागे ठेवून त्याने वाइन स्टीलच्या तांब्यात ओतली आणि थोडी फुलपात्रात घालून आईला दिली. तिने वास घेतला. खूप वेळ घेतला. 

मग तिने डोळे मिटले आणि एकच शब्द म्हणाली. पास्कलने आम्हाला सांगितलं, “पापा, बोली. उसका पापा.”

मीही एक घोट घेतला. मला वाटलं होतं, सरबतासारखी गोड असेल. कसली गोड! मनुका, जुनं लाकूड आणि ओली माती, असं काहीतरी. जिभेवर बराच वेळ राहिलं. काकांनी फुलपात्र रिकामं केलं आणि जाहीर केलं की हे बायकोला सांगून प्यायची पहिलीच वेळ. काकूंनी फक्त वास घेतला आणि पास्कलच्या ताटात पाटोडीचा झणझणीत रस्सा वाढला. मग त्या बाईच्या गळ्यात गळा घालून काकू वऱ्हाडीत आणि ती फ्रेंचमध्ये, अशा दोघी तासभर बोलत होत्या. कोणाला दुभाष्या लागला नाही. मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका माझं दुकान उघडलं त्या दिवशीही झाला नव्हता.

निघताना काकू मला म्हणाल्या, “मंग मी बरोबरच केलं म्हना ना, मिस्त्री.”

“हो काकू, बरोबरच केलं,” मी म्हणालो.

पण तेव्हापासून महालक्ष्म्यांच्या आधी मी कुठल्याही गिऱ्हाइकाकडे चालू मशीन सोडून आलो, तर त्याला कुलूप घालतो आणि किल्ली माझ्या खिशात ठेवतो.