इंजिनातल्या अक्षता

आईने माझ्या उघड्या इंजिनावर हळद-कुंकू आणि मूठभर अक्षता वाहिल्या, त्या दिवशी मी तिच्यावर असा ओरडलो की समोरच्या घरातलं कुत्रंही भुंकायचं थांबलं.

गाडी बावीस वर्षांची. नवरात्र सुरू झालं आणि तिचं हेड गॅस्केट फाटलं. इंजिनाचं पाणी तेलात उतरू लागलं. मेकॅनिकने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "भंगारात द्या काका," म्हणाला. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनी जुळवलेल्या माणसाला हा शहाणा भंगार म्हणजे काय ते सांगणार! मी घरासमोरच्या शेडमध्ये स्वतःच इंजिन खोललं. पोटात राग होताच, तो पान्यावर निघाला.

अडचण दसऱ्याची होती. देवळ्याला आईचा धाकटा भाऊ अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. दसऱ्याला ती त्याला ओवाळायला जाते, एकही वर्ष चुकलेलं नाही. "पुढच्या दसऱ्याचं कोणी पाहिलंय," एवढंच ती यंदा म्हणाली. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी तिला चढवत नाही. बायको म्हणाली, "अहो, एक दिवस भाड्याची गाडी करू या ना." मी भडकलो. दारात गाडी असताना भाड्याची? मी नेणार म्हणजे नेणार, असं ठणकावून सांगितलं.

खंडेनवमीच्या दुपारी इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, म्हणजे हेडचा, तळ सपाट करून आणायला अंबडला गेलो. परत येऊन बघतो तर पान्यांना झेंडूची फुलं, जॅकला कुंकू आणि इंजिनाच्या उघड्या तोंडात तांदूळच तांदूळ! सिलिंडरमधले पुसता आले असते. पण बोल्टच्या खोल भोकांत आणि पाण्याच्या वाटांत गेलेल्यांचं काय करायचं? तळाशी एक दाणा राहिला तरी बोल्ट नीट बसत नाही, आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आज हत्यारांना हात लावायचा नसतो," आई म्हणाली. "तू काय ऐकायचा नाय. मग म्हटलं, निदान पूजा तरी करावी."

"पूजा? वाट लावलीस तू! आता बस घरात. काही जायचं नाही देवळ्याला!"

ऐंशी वर्षांच्या बाईला मी हे म्हणालो. ती आत गेली.

मग माझ्या लक्षात आलं, आणि राग दुप्पट झाला. उघडं इंजिन फडक्याने झाकल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. या एका चुकीसाठी मी कारखान्यात शिकाऊ पोरांना रडवलेलं आहे. आणि ते फडकं अंबडला जाऊन येईपर्यंत माझ्याच खांद्यावर होतं.

थोड्या वेळाने आई पाट आणि उदबत्तीच्या काड्या घेऊन बाहेर आली. काडीला ओला कापूस गुंडाळला आणि इंजिनावर वाकली. तिचे डोळे ऑपरेशननंतर लख्ख झालेत. मला जवळचं धड दिसत नाही. मी "तिकडे बघ, इकडे बघ" करत टॉर्च धरून उभा.

"तांदूळ निवडायला मला नको शिकवू," ती म्हणाली.

एकेक दाणा काढून तिने पदराच्या गाठीत बांधला. फेकून दे ते तेलकट, मी खेकसलो.

"पूजेच्या अक्षता हाय त्या. फेकायच्या नाय."

दसऱ्याच्या सकाळी नवं गॅस्केट घालून हेड बसवलं, बोल्ट आवळले, तेल-पाणी भरलं. गाडी खोकली, पांढरा धूर ओकली आणि चालू झाली. चांदवडपर्यंत मी तापमानाच्या काट्यावरून नजर हलवली नाही. तिसऱ्या प्रहरी देवळ्याला पोचलो.

मामा खाटेवर होता. मामीने ताट आणलं. त्यात अक्षता होत्या, तरी आईने पदराची गाठ सोडली आणि ते काळपट दाणे भावाच्या डोक्यावर टाकले.

"तुझ्या भाच्याच्या इंजिनातल्या हाय या," ती त्याला म्हणाली. "मला इथं आणायला त्यानं अख्खी गाडी खोलली. आठ दिवस राबला बिचारा."

मामाने चालत्या हाताने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

मी तिला काय म्हणालो, ते ती बोलली नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.