पहिल्या पिकाचा दगड

बेळगावच्या बसस्टँडवर आई माझ्या कपाळावरची पट्टी सारखी पदरानं झाकत होती. भुवईवर सात टाके, डोळा सुजून बंद. येणारा-जाणारा टक लावून बघत होता. पुण्याची गाडी लागली तशी ती म्हणाली, "जा बाई. पर प्रार्थना सोडू नगं." आप्पा, माझे वडील, आले नाहीत. आले असते तर मी त्यांच्या अंगावर धावून गेले असते, इतकी पेटले होते.

आप्पा पिरनवाडीचे पाथरवट. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या कबरींवरचे क्रूस त्यांच्या छिन्नीचे. हंगामाच्या सणाला जो तो आपलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून ठेवतो. भात, भोपळा, कुणी कोंबडीसुद्धा. त्या वर्षी मी कॉलेजात भूशास्त्र शिकत होते आणि घटप्रभेकाठी मला माझा पहिला जीवाश्म सापडला होता. थराथरांचा दगड, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी बांधलेला, शंभर कोटी वर्षांहून जुना. माझं पहिलं पीक तेच. मी तो भोपळ्याशेजारी ठेवला आणि पाळकांनी, आमच्या धर्मगुरूंनी, विचारल्यावर सगळ्यांसमोर त्याचं वयही सांगून टाकलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

चर्चच्या भिंतीचं काम चालू होतं, त्यामुळे आप्पांचा घण तिथंच होता. त्यांनी दगड बाहेर पायरीवर आपटला. "बायबलात हाय! सा दिसांत केलंय देवानं जग! सा दिसांत!" प्रत्येक शब्दाला एक घाव. मी मध्ये पडले. त्यांनी मला केसाला धरून बाजूला फेकलं आणि पुढच्या घावाची कपची माझ्या भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं. मंडळीतलं कुणी हललं नाही. घण थांबला तेव्हा दगडाचा भुगा झाला होता.

पुण्याहून शिकत शिकत आता मी जर्मनीत, प्रयोगशाळेत तसलेच दगड कापते. करवत लावण्याआधी डोळे मिटून ते करणाऱ्या देवाचे आभार मानते. एकदा एक सहकारी हसला, "एवढं शिकून अजून परीकथाच?" मी हातातला हातोडा फेकला. तो त्याच्या कानाजवळून गेला आणि काचेचं कपाट फुटलं. काचांचा खच बघताना मला ती पायरी दिसली. घर सोडून गेलेल्यांनो, तुम्ही बरोबर काय नेलंत ठाऊक नाही. मी आप्पांचा हात नेला होता.

यंदा सणाला घरी आले. आप्पा आता वाकलेत. मी नवा दगड त्यांच्या पुढ्यात ठेवला, शेजारी घण ठेवला आणि म्हणाले, "फोडा." भ्याले होते, लपवत नाही. त्यांनी घण बाजूला सारला आणि छिन्नी मागितली. कड चाचपत, हळू ठोकत त्यांनी दगड थरावर उघडला आणि बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले.

"ह्यो घाईनं केल्याला न्हाय," ते म्हणाले. "दीस देवाचाच. पर केवढा दीस म्हनायचा ह्यो!"

मग पहिल्यांदाच माझ्या भुवईकडे बघितलं. "लागलं व्हतं काय गं तवा?"

"व्हय आप्पा. लई."

त्यांनी मान खाली घातली. मी माफ केलेलं नाही, अजून तरी नाही. पण हे 'लई' मला जर्मनीत कुणालाच सांगता आलं नव्हतं. ते जिथं सांगता येतं, ते माझं घर. दगडाचे दोन भाग झाले होते. एक त्यांनी उचलला, एक मी, आणि आम्ही चर्चला निघालो.