आठ दिवसांचं घर

वाशिंदला एकसारखी तीस घरं उभी राहणार होती आणि वीटकाम माझ्याकडे होतं. साइटवर नुकताच कॉम्प्युटर आला होता. इंजिनीअरने विचारलं, "एका घराला किती दिवस?" लागायचे पाच. मी आठ सांगितले. तो चार म्हणेल, मग पाचावर येऊ, असा माझा अंदाज. त्याने मान हलवली आणि आठ टाइप केले. खरा आकडा सांगायला मग माझी जीभ रेटली नाही.

त्या आठावरून कॉम्प्युटरने सगळ्यांचं वेळापत्रक काढलं. पायावाले दर आठव्या दिवशी एकच चौथरा तयार करून द्यायचे. माझे मुरबाडचे गवंडी पाचव्या दिवशी मोकळे.

"मुकादम, तीन दिस काय माश्या मारू आमी?"

मी इंजिनीअरवर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "आकडा तुमचाच आहे."

तिसऱ्या घरानंतर गवंडी दुसऱ्या साइटवर गेले. माझ्याच हाताखाली शिकलेले, दहा वर्षं माझ्याबरोबर एका चुलीवरचं जेवलेले. इंजिनीअरने एकदा तरी घासाघीस करायला हवी होती, असं मला आजही वाटतं. चौथा चौथरा ठरल्या दिवशी तयार झाला. त्यावर बसून मी एकट्याने डबा खाल्ला.