तात्यांनी घेतलेली झडती

मी आमचं अंथुर्णे गाव सोडलं त्या सकाळी आई बैलगाडीबरोबर ओढ्यापर्यंत चालत आली. वडील, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणे, बारामतीच्या स्टेशनापर्यंत आले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "पत्र धाडत जा. काय खातूस, काय करतूस, समदं लिव्ह."

मी सगळं लिहीत गेलो. वालचंदनगरला सुतारकाम शिकलो होतो, त्या जोरावर दिल्लीच्या एका सरकारी संग्रहालयात लागलो. मूर्ती ठेवायला सागवानी चौकटीची, काचेची कपाटं बनवायचं काम. गावोगावचे जुने देव इथं येतात आणि माझ्या कपाटात बसतात, असं मी मोठ्या हौसेनं कळवलं. गावाकडच्यांनी ते पत्र कसं वाचलं असेल, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

सहा महिन्यांनी तात्या न कळवताच दारात उभे राहिले. "तुजं ते देवाचं घर बघायचंय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. पेंढा भरलेल्या वाघापुढं भलेभले थबकत. तात्या त्याच्याकडं न बघता पुढं गेले. धातूच्या मूर्तींच्या दालनात मात्र प्रत्येक काचेला नाक लावून बघू लागले. एका देवीपुढं थांबून म्हणाले, "ही गावानं दिली, का कुणी उचलली?"

"कागदावर लिहिलेलं असतं, तात्या."

"आन कागद कोण लिवतं?"

मी पुढच्या कपाटाकडं वळलो. तात्या म्हणाले, "अजून काचंत न्हाय ठिवलं, ते कुठं हाय?" साहेबांना विचारून मी तेही दाखवलं.

खोलीवर परतल्यावर पाणी न घेताच बोलले. "भैरोबाचा मुखवटा गावात न्हाय. तू गेलास त्या महिन्यापासनं न्हाय. लोक तुजं नाव घेत्यात."

"आन तुमी?"

"मी बघाया आलो."

मी ट्रंक ओढून त्यांच्यापुढं उघडली. 'राहू दे' म्हणतील असं वाटलं होतं. ते खाली बसले. सदरे, हत्यारं, आईनं दिलेली गोधडी, एकेक बाहेर काढून बघितलं. मग सगळं नीट घडी घालून परत ठेवलं. दुसऱ्याच दिवशी ते निघून गेले.

पुढं मुखवटा बारामतीत तांबटाकडं सापडला. तडा गेला म्हणून गुरवानं तो गुपचूप सांधायला दिला होता. लोक बोल लावतील या भीतीनं त्यानं तोंड उघडलं नव्हतं. तात्यांनी ते कळवलं, खाली लिहिलं, "जत्रेला ये." त्या साली मी गेलो नाही. पुढच्या वर्षी गेलो, तर भर देवळात सगळ्यांसमोर तात्या म्हणाले, "तुमी नुस्तं बोललासा. म्या पोराची पेटी धुंडली. माजी चूक मोठी हाय."

मी त्यांच्या पाया पडलो, पण दोघांनीही एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना एक सांगतो. संग्रहालयाच्या फाटकावर रोज सुटताना पहारेकरी आमचे खिसे चाचपतो. मी हात वर करतो, चौकातल्या चहापर्यंत विसरूनही जातो. तात्यांनी माझे सदरे उलगडले, ते मात्र अजून विसरता येत नाही. घर कशाला म्हणायचं, हे मला तेवढ्यावरून कळलं.