स्वखुशीने

मी आजवर दीड-दोनशे पत्रकं लिहिली असतील. नळाच्या पाण्यासाठी, एसटीच्या थांब्यासाठी, रेशनवर न मिळणाऱ्या रॉकेलसाठी. प्रत्येकात कुणाला तरी जाब विचारलेला आहे. जाब विचारणं मला जमतं. पण एक पत्रक असं आहे की त्याचा जाब मला कुणी विचारला नाही, आणि मी आपण होऊन कुणापाशी तोंड उघडलं नाही. घरात नाही, मंडळात नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

गाडीपासूनच सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव रत्नागिरीहून एसटीनं तासाभरावर. घरटी एक तरी माणूस मुंबईला, पण मतदारयादीत नाव गावचं. त्यामुळे ग्रामपंचायतीची निवडणूक आली की उमेदवार मुंबईहून गाडी भरून माणसं आणायचे. भाडं उमेदवाराचं, चिपळूणला चहा-वडा उमेदवाराचा, गावात उतरल्यावर मटण उमेदवाराचं. शाळेचं छप्पर गळतं ते गळतंच, पण गाडी येते! मला या सगळ्याची चीड होती. खरी चीड होती—आज एवढं तरी मला खरं सांगू द्या.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. रत्नागिरीत एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो आणि आमच्या तरुण मंडळाचा चिटणीस होतो. आम्ही ठरवलं, उमेदवारांकडून वचनपत्र लिहून घ्यायचं. कायदा नव्हता, सक्ती नव्हती. ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं स्वतःला लगाम घालायचा. हजार रुपयांच्या वर खर्च नाही. कर्णा एकच, तोही दोन दिवस. गडग्यांवर, म्हणजे आवारांच्या दगडी बांधांवर, रंगवायचं तर काव आणून रंगवायचं, ऑइलपेंट नाही. आणि शेवटचं कलम माझं स्वतःचं: मतदाराच्या प्रवासाचा खर्च उमेदवार करणार नाही. वचनपत्राचा पहिला शब्द होता ‘स्वखुशीने’. तो मी सगळ्यांत मोठ्या टायपात घेतला. छापून झाल्यावर बाकीचे खिळे सोडवून खणात टाकले, तेवढा एक शब्द दोऱ्यानं बांधून ठेवला. पुन्हा लागेल म्हणून.

आमच्या वाडीतून दोघे उभे होते. एक माझे शाळेतले गुरुजी, नुकतेच निवृत्त झालेले. दुसरा माझा सख्खा मामा. छापखान्यातली नोकरी मला मामानंच लावून दिली होती. हे सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगतो.

देवळाच्या सभामंडपात सह्या झाल्या. मामा सही करताना मोठ्यानं म्हणाला, “भाच्या, लोकांना पाणी तरी पाजू ना रे? की त्यालापण तुझ्या मंडळाचा ठराव लागंल?” सगळे हसले, मीही हसलो. गुरुजींनी चष्मा लावून कागद पहिल्यापासून वाचला. एक वेलांटी चुकली होती, ती पेनानं दुरुस्त केली. मग सही केली.

मतदानाला बारा दिवस असताना मी मामाकडे गेलो होतो. मामी पानं वाढत होती. मामा सहज सांगावं तसं म्हणाला, “मुंबयची गाडी येतेय हां. देवळाची बैठक आहे म्हणून. कागदावर ग्रामस्थ मंडळाची.”

“आणि भाडं?” मी विचारलं.

मामा माझ्याकडे बघून हसला. “तू खिळे जुळव. जेव आता, बांगडे ताजे हायत.”

मी जेवलो. दुसऱ्यांदा वाढलं तेही घेतलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी गुरुजी छापखान्यात आले. एवढ्यासाठी एसटीनं आले होते. माझी हातातली ओळ पुरी होईपर्यंत दाराशी उभे राहिले, शिकवायचे तेव्हा कुणाचं लिहिणं मोडायचे नाहीत, तसे. मग म्हणाले, “एक शंका आहे, प्रकाश. वचनपत्राची.”

शंका सुरेशची होती. सुरेश त्यांचा एकुलता मुलगा, मुंबईत गिरणीत. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं, पगार नाही, उसनं मागायला एक दार उरलेलं नाही. आणि इकडे काकी, म्हणजे गुरुजींची बायको, अंथरुणाला खिळलेली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. “तिचं काही खरं नाही,” गुरुजी म्हणाले. “सुरेशला बघायचंय म्हणते. भाड्याचे पैसे मी मनिऑर्डरनं पाठवले तर चालेल का? मुलगा माझा आहे, पण मतदारही आहे. आणि मी सही केली आहे.”

मी जुळवलेली ओळ उगाच पुन्हा तपासू लागलो. गुरुजींना वाटलं असावं, मी अडचणीत पडलोय. तेच पुढे म्हणाले, “तो मत देणार नाही. हवं तर तसं लिहून देतो.”

तुम्ही काय म्हणाला असता? कुणीही काय म्हणालं असतं? गुरुजी, हे काय विचारणं झालं, आत्ताच्या आत्ता पोस्टात जा—एवढंच ना?

मी म्हणालो, “एकाला सूट दिली की वचनपत्राला अर्थ काय उरला, गुरुजी? यादीत नाव आहे ना त्याचं? मग तो मतदार.”

गुरुजींनी मान हलवली. “बरोबर आहे तुझं,” म्हणाले. गणित सुटल्यावर फळ्यापाशी म्हणायचे, अगदी त्याच आवाजात.

त्या नकाराबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. तत्त्व होतं का ते? नव्हतं. पोटात मामाचे बांगडे होते आणि तत्त्व कुठलं? मामाला जे ‘नाही’ म्हणायचं राहिलं होतं, ते मी गुरुजींना म्हणालो. तिथे हिंमत झाली नाही, इथे धोका नव्हता. गुरुजी ऐकणार हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगू? म्हटल्यावर मला बरं वाटलं. ताठ उभा राहून पुढची ओळ जुळवली मी.

मतदानाच्या आठवड्यात वाडीत पत्रकं वाटत फिरत होतो. गुरुजींच्या घरी ते नव्हते. काकी माजघरात बाजेवर होत्या, इतक्या लहान झालेल्या की गोधडीखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. मला आवाजावरून ओळखलं. “सुऱ्या येतोय ना रे मताला? दरवेळी येतो तो गाडीतनं.”

तेव्हा मला कळलं. ज्या गाडीवर मी एवढी आग पाखडली, ती गाडी म्हणजे या बाईला पोराचं तोंड दिसायची वेळ होती. गणपतीला त्याला रजा मिळायची नाही. मताला मात्र तो फुकटात यायचा. ती निवडणुकीची वाट बघत होती!

“येईल की,” मी म्हणालो. आणि पत्रक तिच्या उशाशी ठेवून निघालो.

मतदानाच्या सकाळी गाडी आली. डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून खाली उतरून शाळेसमोर उभी राहिली. गुरुजी फाटकाशी होते, मी बाजूला. “कुणाची रे गाडी?” त्यांनी विचारलं.

“ग्रामस्थ मंडळाची,” मी म्हणालो. “वर्गणी काढून आलेत सगळे. स्वखुशीने.”

गुरुजी उतरणारं एकेक तोंड बघत राहिले. शेवटी ड्रायव्हर उतरला, तेव्हा म्हणाले, “सुरेशला वर्गणी नसेल जमली.” मी गाडीत डोकावलो होतो. सात जागा रिकाम्या आल्या होत्या. मुंबईपासून इथपर्यंत, रिकाम्या.

गुरुजी अकरा मतांनी पडले. मामाच्या अंगणात गुलाल उधळत होते तेव्हाच गुरुजी मामाच्या पाठीवर हात ठेवून गेले. मला म्हणाले, “तुम्ही पोरांनी चांगलं काम केलंत. निवडणूक अशी व्हायला हवी.”

दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं. ‘आदर्श निवडणूक! दोन्ही उमेदवारांनी वचन पाळले. मुंबईकर बंधू स्वखुशीने, स्वखर्चाने मतदानास आले.’ मला ते काढायला कुणी सांगितलं नव्हतं, मामानंसुद्धा नाही. दोऱ्यानं बांधून ठेवलेला तो शब्द मी उचलून जसाच्या तसा बसवला. खिळे तेच, अक्षरं तीच. पाचशे प्रती काढल्या.

चौथ्या दिवशी काकी गेल्या. तार गेली. सुरेश दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, कुणाकडून पैसे उभे केले देव जाणे. तोवर सगळं आटोपलं होतं. तो दिवस होईपर्यंत राहिला, पण बापाशी बोलला नाही. तेराव्याच्या दिवशी पिशवी घेऊन निघाला तेव्हा अंगणात पाहुणे बसलेले होते, मीही होतो. गुरुजी त्याला पोचवायला उठले. तो वळून म्हणाला, “तुम्ही तुमची सही सांभाळा, बाबा.” आणि चालायला लागला.

मी उठलो नाही. तेव्हा एका वाक्याचं काम होतं. गुरुजींनी मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं, आणि मी नाही म्हणत होतो तेव्हा गाडी ठरलेली होती—बस, एवढंच. समोर मामा बसला होता. तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याची गरज नव्हती.

पाच वर्षं झाली. सुरेश परत गावाला आलेला नाही. मामा सरपंच आहे. गुरुजी एकटे असतात, वाटेत भेटले की विचारतात, “नवीन काय छापलंस?” मी अजून पत्रकं लिहितो.

इथे थांबता आलं असतं. पण एक राहिलं.

सुरेश गेला त्यानंतर आठेक दिवसांनी गुरुजी छापखान्यात आले. पुन्हा एसटीनं. पुन्हा दाराशी उभे. म्हणाले, “ते शेवटचं पत्रक उरलंय का रे एखादं? सुरेशला पाठवीन म्हणतो. त्याला वाटतंय मी उगाच हट्ट केला. दोन्ही बाजूंनी पाळलं हे छापलेलं बघितलं तर...”

सुरेश राहायचा त्याच चाळीतले चार जण त्या गाडीतून आले होते. भाडं कुणी भरलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सुरेशच्या हातात ते पत्रक पडलं की तो काय समजेल—बाप खोटारडा, की बाप खुळा? हे सगळं मला त्या क्षणी सुचलं. नंतर नाही, तेव्हाच.

मी फळीवरचा गठ्ठा खाली काढला. वरच्या दोन-तीन प्रतींवर धूळ बसली होती. खालची एक स्वच्छ प्रत ओढून काढली आणि पाकिटात मावेल अशी घडी घालून गुरुजींच्या हातात दिली.