एका जागेच्या दोघी

केळीच्या धाग्याच्या कारखान्यात अठ्ठावीस बायका कामाला आहेत, असं कागद सांगत होता. खरा आकडा भागाबाईच्या पोटात होता.

भागाबाई तिथली मुकादम. एरंडोलजवळच्या त्या गावात खोड सोलण्यापासून धागा वाळवण्यापर्यंत तिचाच शब्द चाले. तरुणपणी ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. मुलीच्या तापापायी चार दिवस घरी राहिली, तर पाचव्या दिवशी तिच्या जागेवर दुसरीच बाई बसलेली. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. म्हणून मुकादम झाल्यावर तिनं स्वतःचा कायदा काढला: जागा एक, जावा दोन. आठवडाभर एकीनं कामावर यायचं, दुसरीनं दोन्ही घरची चूल, पोरं, म्हैस बघायची, सोमवारी बदली. हजेरीत नाव मात्र एकीचंच. अशा अकरा जोड्या. मॅनेजर छगनभाऊंना हे ठाऊक होतं, पण काम अडत नव्हतं, तोवर त्यांना दिसतही नव्हतं.

आता दिसायला लागलं. कारखान्यात पैसा घालणाऱ्या मंडळींनी सामाजिक परिणाम मोजायला धुळ्याच्या नौशीन मॅडमना पाठवलं होतं. अठ्ठावीस जणींचा पूर्ण रोजगार खरा ठरला, तर वाळवणीची पक्की शेड मिळणार. गेल्या पावसाळ्यात शेडवाचून दोन महिने काम बंद होतं, सगळ्या बाया घरी.

"अक्का, उद्या फक्त हजेरीत नाव असलेल्या बाया," छगनभाऊंनी भागाबाईला बजावलं होतं. निरोप गेले. जोड्यांमधल्या दहा जणी नीट आल्या. अकरावी, मयुरी, भावाच्या लग्नाला शिंदखेड्याला गेलेली. तिचं ओळखपत्र गळ्यात घालून तिची जाऊ रूपा उभी राहिली.

"घरात तुमचं मत विचारतात का? एक ते पाचमध्ये सांगा," नौशीन म्हणाली.

"भाजी कोनती करू, हाई मीच इचारस. त्याले किती?" रूपा म्हणाली.

बायका फसकन हसल्या. भागाबाईला हसू येईना. नोंदीतल्या फोटोशी चेहरा जुळवायला नौशीननं टॅब रूपाच्या तोंडासमोर धरला. लाल खूण आली. पुन्हा धरला. पुन्हा लाल.

"केळीच्या चिकानं चेहरा काळवंडतो, मॅडम," छगनभाऊ म्हणाले.

"चिकानं नाक बदलत नाही, भाऊ. तिसऱ्यांदा जुळलं नाही तर मला बोगस लिहावं लागेल. सगळा कारखाना."

रूपानं ओळखपत्र पदराखाली सारलं. भागाबाई पुढं झाली.

"मॅडम, हाई मयुरी नही. मयुरीनी जाऊ शे, रूपा."

छगनभाऊंनी डोळे मिटले. भागाबाईनं अकराही जोड्या सांगून टाकल्या. नौशीननं टॅबवर हिशेब केला.

"मावशी, प्रत्येक जोडीतली एक निवडा. अठ्ठावीस तशाच राहतील, शेडही मिळेल."

"आनि दुसरी?"

"दुसरीला उद्यापासून येता येणार नाही."

"आनि दोन्हीस्ना नाव लिखं तर?"

"तर बावीस जणी अर्धवेळ. अर्धवेळ काम ते रोजगारात धरत नाहीत. पूर्णवेळ सतराच उरतात. शेडचं मग अवघड आहे."

यंत्र बंद होतं. अंगणातल्या अठ्ठावीस जणी भागाबाईकडं बघत होत्या.

"अक्का, इचार करा," छगनभाऊ पुटपुटले. "पावसाया तोंडवर शे."

"कोनले काढू मी, भाऊ? तुम्हीच बोट दाखाडा." छगनभाऊंनी दोन्ही हात खिशात घातले. भागाबाई नौशीनकडं वळली. "बठ्ठ्यास्ना नाव लिखी ल्या."

नौशीननं टॅबमध्ये आणि छगनभाऊंनी हजेरीत एकोणचाळीस नावं घातली. भागाबाईनं खाली सही केली. एक काना राहिला, पुन्हा काढला.

शेड नामंजूर झाली. श्रावणात धागा कुजला, काम पुन्हा बंद पडलं. अक्काच्या खरेपणानं घरी बसवलं, असं बायका पाणवठ्यावर मोठ्यानं म्हणाल्या, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. तिनं ऐकून घेतलं.

भादव्यात यंत्र सुरू झालं, त्या सकाळी फाटकात मयुरी आणि रूपा हातघाईवर आलेल्या. बंदच्या गडबडीत या आठवड्याची पाळी कुणाची, ते दोघीही विसरल्या होत्या. आता हजेरीत दोघींचीही नावं असल्यामुळे भांडण तरी रीतसर झालं.